छापलेली बाजू आत

कागद सोडून माझ्या हाताला काहीही वळत नाही, हे आमच्या घरातलं जुनं आणि एकमतानं ठरलेलं मत आहे. खिळा ठोकायला गेलो तर बोट ठोकून येतो. बल्ब बदलायला स्टुलावर चढलो तर शेजारचे दोघं स्टूल धरायला येतात आणि बायको लांबनं सांगते, "आवं, तुमी नुसतं बसा बगू. तेवढीच मदत हुईल." पण कागदाचा चौकोन हातात आला की हीच बोटं शहाण्यासारखी वागतात.

थोडं श्रेय आमच्या कचेरीला. मी सरकारी खात्यात कारकून. एका साहेबांनी पाठकोरे कागद, म्हणजे एका बाजूला छापलेले आणि पाठीमागं कोरे, वाया घालवायचे नाहीत असा हुकूम काढला, तेव्हापासून टपालाची पाकिटं आम्ही त्यांचीच करायचो. नियम एकच: छापलेली बाजू आत, कोरी बाजू बाहेर. साहेब बदलून गेले, कॉम्प्युटर आले, पाकिटं गेली, पण घडी घालून तिच्यावर अंगठ्याचं नख फिरवायची माझी खोड गेली नाही. एसटीचं तिकीट असो की हॉटेलचं बिल, त्याची होडी होणारच. एवढ्या भांडवलावर मी मलकापुरात आमच्या गल्लीतल्या पोरांचा गुरुजी झालो. मे महिन्यात सकाळी बाहेरच्या खोलीत सतरंजी पसरायची, वाटीत मैद्याची खळ, चार कात्र्या (त्यातली कापणारी एक) आणि पंधरा-वीस पोरं. होडी, दौत, भिंगरी, पंखा, मग कातरकामाची नक्षी, आणि फारच हुशार कार्टं असेल तर मोर. गल्लीतल्या बायका वर्षभर लग्नाच्या पत्रिका साठवायच्या आणि सुट्टी लागली की गठ्ठ्यानं पाठवायच्या. पत्रिकेचा कागद जाड, घडी झकास बसते. पोरं तेवढा वेळ घराबाहेर राहतात म्हणून बायका माझं कौतुक करायच्या. ते माझ्या कलेचंच कौतुक आहे असं मी धरून चालायचो.

मी सांगतोय ती सुट्टी सहा-सात वर्षांपूर्वीची.

माझी धाकटी बहीण म्हसवडच्या पलीकडं दिलेली. दाजी फौजेत. वर्षभर ती पोटात दुखतंय म्हणत होती आणि आम्ही सगळे तिला पित्तावरची औषधं सांगत होतो. मीही सांगितली. मी तर कोकमाचं सरबत सांगितलं होतं. एप्रिलमध्ये तिला सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा डॉक्टरांनी दाजींना सुट्टी टाकून या म्हणून सांगितलं, आणि यातच सगळं आलं. तिची मुलगी नऊ वर्षांची, नुकती चौथीची परीक्षा दिलेली. ती आमच्याकडं आली, एक पिशवी कपडे आणि मोजून चार शब्द घेऊन. दोन दिवस ती भिंतीला टेकून पोरांकडं बघत बसली. तिसऱ्या दिवशी उठून माझ्या हातातली भिंगरी घेतली, उलगडली, परत घडी घातली आणि म्हणाली, "मामा, तुझी वाकडी हुती."

आठवड्यात ती माझ्या पुढं गेली. मोर तर असा करायची की मी माझा गुपचूप खिशात घालायचो. आणि केलेली प्रत्येक वस्तू, "मम्मीला ने."

मी रजा टाकून एक दिवसाआड सांगलीला जायचो. स्कूटर कऱ्हाडच्या स्टँडवर लावायची, एसटी पकडायची, संध्याकाळी परत. वॉर्डमधल्या बहिणीच्या खाटेशेजारच्या खिडकीत होड्या, दौती, पंखे यांची रांग लागली. ती पडल्या पडल्या तपासायची.

"दादा, ही तू केलीयास."

"कशावरनं?"

"बुडंल ही. माझ्या लेकीची बुडत न्हाई."

हसताना तिच्या पोटात कळ यायची, म्हणून मी हसवायचं टाळायचो, आणि मला तेवढंच येत असल्यामुळं मग गप्प बसायचो. एकदा असाच गप्प बसलो होतो. दाजी औषधं आणायला खाली गेले होते. तिनं खिडकीतला मोर हातात घेतला आणि त्याच्याकडं बघत म्हणाली, "दादा, मी काय आता उठत न्हाई."

मी म्हटलं, "कायतरी बोलू नगं."

"ऐक. पोरीला सगळी गोड गोड सांगतील. देवाघरी गेली, फिरायला गेली. तू सांग तिला. तुज्या त्या घड्या घालत सांग, पर सरळ सांग. दुसऱ्या कुठनं तिला कळू देऊ नगंस. एवढंच कर माजं."

मी हो म्हटलं. तिचा हात हातात घेऊन हो म्हटलं.

दहा-बारा दिवसांनी ती गेली. भर उन्हाळ्यात तिच्या गावी सगळं उरकलं. पोरीला कुणी आणलं नव्हतं. तिची आजी, म्हणजे माझ्या बहिणीची सासू, पदर डोळ्याला लावून म्हणाली, "लेकराला दावू नगा आसलं. दचकंल. कार्य हुंदे, मग सांगा." आणि मग जमलेल्या सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. "मामापाशी रमलीया ती. त्येंनाच सांगू द्या."

म्हणजे बहिणीनं टाकलेली जबाबदारी गावानं पुन्हा एकदा माझ्याच गळ्यात घातली, वर बारा-तेरा दिवसांची मुदत देऊन. आणि मुदतवाढ हे तर आमचं खातं. पुढच्या आठवड्यावर ढकललेल्या फायलींवरच माझा संसार उभा आहे.

घरी पोचलो तर पोरगी पायरीवरच उभी.

"मम्मीनं पंखा बगितला?"

रस्ताभर मी वाक्यं जुळवत आलो होतो. पहिलं वाक्य काय, दुसरं काय, हात कुठं ठेवायचा. आणि तोंडातनं आलं, "बगितला की. म्हणाली, आता लाइट गेली तरी काय बिघडत न्हाई."

पोरगी हसली. तिचं ते हसणं बघून मला वाटलं, आजचा दिवस राहू दे.

पुढचं रचायला फारसं डोकं लागलं नाही. मी सांगितलं, मम्मीला आता दुसऱ्या खोलीत हलवलंय, तिथं कुणालाच सोडत नाहीत. दाराशी एक सिस्टर येते, वस्तू आत नेते आणि आतनं निरोप आणते. ही सिस्टर माझ्या डोक्यातनं निघाली. मी तिला जाडजूड केलं, मिरजेकडची केलं, तिच्या बोलण्यात कानडी हेल घातला, डॉक्टरांवर ओरडणारी केली. पोरगी रोज विचारायची, सिस्टर आज काय म्हणाली? मी नक्कल करून दाखवायचो. एक दिवसाआड सकाळी मी तिची वस्तू घेऊन स्कूटरनं निघायचो आणि कऱ्हाडच्या स्टँडवर बाकड्यावर बसायचो. सांगलीच्या गाड्या फलाटाला लागायच्या, भरायच्या, निघून जायच्या. त्यातली एकही माझ्या कामाची नव्हती. दुपारनंतर परत यायचो, निरोप घेऊन. माझी बहीण जिवंतपणी कमी बोलायची. मी तिला मेल्यावर बोलकी केली.

पोरीनं दिलेल्या वस्तू स्कूटरच्या डिकीत, रेनकोटच्या खाली, एका पिशवीत जमत होत्या.

घरात सुतक होतं. लग्न झालेल्या बहिणीचं भावाला तीन दिवस. तेवढे दिवस आमटी-भाजीला फोडणी नाही. पोरगी ताटाकडं बघून म्हणाली, "मामी, आमटी अशी का पांढरी?" बायको काही बोलायच्या आत मी म्हणालो, "तुझ्या मामीची मोहरी संपलीया. आणायला सांगितली की मी इसरतो." बायकोनं माझ्याकडं पाहिलं. पोरगी गेल्यावर म्हणाली, "आवं, कवा सांगनार?"

"उद्या."

"तिला कवातरी कळनार. बाहेरनं कळलं म्हंजी?"

"गल्लीत सगळ्यांना बजावलंय की मी."

ते खरं होतं. घरोघर जाऊन बजावलं होतं. ज्या कामासाठी पाच मिनिटं तिच्यासमोर बसायला हवं होतं, ते टाळण्यासाठी मी वीस घरं हिंडलो.

सहाव्या दिवशी बहिणीच्या सासरचा एक माणूस मोटारसायकलवरनं कऱ्हाड-मलकापूरकडं उत्तरकार्याची कार्डं वाटत आला. हे कार्ड आमच्याकडं घरात ठेवत नाहीत. पांढरं, काळ्या शाईतलं, हळदकुंकवाचं बोट न लागलेलं. दारातच वाचायचं आणि फाडायचं. मी माझं दारात वाचलं, बारीक तुकडे केले आणि कोपऱ्यावरच्या गटारीत टाकून आलो. एक कार्ड शेजारच्या घरीही गेलं, कारण बहीण गेली त्या दिवशी त्यांच्या मुलानं आम्हाला गाडी दिली होती. त्या वेळी घरात त्यांची म्हातारी एकटीच. तिला वाचता येत नाही. देणाऱ्यानं "कार्याचं हाय" म्हणून सांगितलं, म्हातारीनं रीत म्हणून त्याचा एक कोपरा फाडला, घरात न्यायचं नाही म्हणून बाहेरच्या कट्ट्यावर ठेवलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून तिथल्याच कागदांच्या गठ्ठ्यात सारलं आणि वर वीट ठेवली. तो गठ्ठा माझ्या शिकवणीसाठी काढून ठेवलेल्या लग्नपत्रिकांचा होता. हे सगळं मला नंतर कळलं. म्हातारीचं काही चुकलं नव्हतं. चुकलं होतं ते सगळं माझ्याकडनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची छोकरी दोन्ही हातांत गठ्ठा धरून आली. "काका, आजीनं वीट पन द्यायची का इच्यारलंय." सगळी पोरं हसली. मी म्हटलं, विटेची घडी बसत नाही, तिला परत ने. त्या दिवशी मी झाकणाची डबी शिकवणार होतो. एका पत्रिकेची खालची वाटी, दुसरीचं झाकण. गठ्ठा मीच वाटला. चष्मा कपाळावर होता. कार्डं मी पत्ते वाटावेत तशी भराभर फेकत होतो.

"छापलेली बाजू कुठं?" मी ओरडलो.

"आत!" पोरं ओरडली.

"कोरी?"

"भाइर!"

सगळ्यांच्या डब्या घडू लागल्या. एकानं डबीची टोपी करून डोक्यावर घातली. दुसरा म्हणाला, "काका, तुमची एका बाजूला कलंडलीया." मी म्हटलं, ती कलंडतीच असते, तिला वारं लागतं. अशात माझं लक्ष भाचीकडं गेलं. ती भिंतीशी बसली होती आणि नुसती कार्डाकडं बघत होती. मी म्हटलं, "काय गं, झोप लागली का?" तिनं दचकून कार्ड उलटं केलं. आणि मग एवढ्या जोरात नख फिरवून घड्या घालायला लागली की मी पोरांना म्हणालो, "बघा, हिला म्हणतात घडी."

जवळ जाऊन बघितलं तर एक कोपरा फाटका. मी गुरुजी. मला चूक दिसली की राहवत नाही.

"हा कोपरा कुठं गेला?"

"आदीच न्हवता."

"मग दुसरं कार्ड घे की. ही डबी एका कोपऱ्यात उघडी राहणार."

"नगं. हेच."

तिनं फाटक्या कोपऱ्यावर आतनं एक कपटा चिकटवला. वरचं झाकण दुसऱ्या पत्रिकेचं केलं, ते बसवलं आणि कडेनं सगळीकडनं खळ लावून टाकली.

"अगं येडे, चिकटवल्यावर उघडायची कशी?"

"उगडायचीच न्हाई."

"मग आत ठेवायचं काय?"

"काय न्हाई."

मी डबी उंच धरली. "बघा रे, जगातली पहिली न उघडणारी डबी! बँकवाले पाया पडत येतील." पोरं खिदळली. तीही हसली. मी ती डबी कपाटावर टीव्हीशेजारी ठेवली आणि आल्यागेल्याला दाखवत राहिलो. कड कशी सरळ, बाहेरून एक अक्षर दिसत नाही बघा.

त्यानंतर ती जरा शहाणी वागायला लागली. मला तसंच वाटलं. एक दिवसाआड वस्तू करून द्यायचीच, पण मम्मी काय म्हणाली हे विचारेना. मी आपण होऊन सांगितलं की माझ्या तोंडाकडं बघत राहायची. जेवताना स्वतःच्या ताटातली अर्धी भाकरी माझ्या ताटात ठेवायची. "मामा, तू नीट जेव." मी स्टँडवरनं आलो की तांब्याभर पाणी घेऊन उभी. मी बायकोला म्हणालो, बघ, कामात गुंतली की पोरं कशी सावरतात. बायको म्हणाली, "सावराया तिला काय झालंय म्हाईत हाय का आजून?" मी म्हटलं, कार्य होऊ दे.

कार्याला मी एकटा गेलो. पोरीला सांगितलं, कचेरीच्या कामानं मेढ्याला जायचंय. कार्य झाल्यावर दाजींनी मला बाजूला घेतलं. फौजेतला माणूस, पाठ ताठ, पण हातातली पुडी सुटत नव्हती. पुडीत बहिणीच्या कानातली सोन्याची फुलं होती. "पोरीला सांगितल्यावर तिच्या कानात घाला. सांगितलं न्हाई ना आजून?" मी म्हटलं, आज सांगतो. ते म्हणाले, "तुमीच सांगा. माज्यानं नाय व्हायचं."

दुपारी घरी आलो. भाची शेजारी खेळायला गेली होती, बायको मागं कपडे वाळत घालत होती. पुडी कुठं ठेवावी? कपाट पोरगी उघडते, देव्हाऱ्यात ती दिवा लावते, माझ्या शर्टाच्या खिशात ती रोज कागद शोधते. मग टीव्हीशेजारी ती डबी दिसली. कुणीच न उघडणारी. मी ब्लेड घेतलं, एका कडेनं झाकण अलगद सोडवलं.

आत काळी अक्षरं होती.

चष्मा डोळ्यावर आणायला मला वेळ लागला. एका भिंतीवर बहिणीचं नाव, घडीत अर्धं दुमडलेलं. तळाला तारीख आणि गावचं नाव. समोरच्या भिंतीवर दुःखी परिवाराची यादी: सासू, पती, दीर. आणि सगळ्यांत शेवटी कुमारी लावून भाचीचं स्वतःचं पूर्ण नाव. शाळेच्या दाखल्यावर असतं तसं. तिनं ते सतरंजीवर बसून, पंधरा पोरांच्या गोंधळात, माझ्यासमोर वाचलं होतं. आणि मी म्हटलं होतं, झोप लागली का.

मागं पायांचा आवाज झाला. भाची दारात उभी होती. तिनं माझ्या हातात डबी बघितली.

"वाचलंस?" ती म्हणाली.

ती जवळ आली, माझ्या शेजारी खाली बसली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"रडू नगं मामा. मला म्हाईत हाय. मी तुला सांगनारच हुते. पर तुजी बहीन हाय ना. तुला लय वाईट वाटलं आसतं." मग माझ्या हातातली डबी घेत म्हणाली, "तू समोर बसला हुतास. कार्ड लपवायला जागाच न्हवती. म्हनून डबी केली."

मी कसंबसं म्हणालो, "तुला वाटलं... मला ठाऊक नव्हतं?"

"तू रोज हसत हुतास की."

त्यानंतर मी रडलो. बहीण गेल्यापासून पहिल्यांदा. नऊ वर्षांच्या पोरीच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो आणि ती माझ्या केसांतनं हात फिरवत होती, तिची आई फिरवायची तसा. मधूनच म्हणत होती, उगी, उगी. बायको ओली बादली घेऊन दारात येऊन थांबली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, मी आता तरी बोलेन म्हणून. मी बोललो नाही. ज्याला काहीच माहीत नव्हतं अशा भोळ्या मामाचं सांत्वन चाललं होतं, आणि मी तो मामा होऊन ते सगळं घेतलं. इतकं बरं वाटत होतं की सांगवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर पोरगी तयार. वेणी घातलेली, बाहेरचा फ्रॉक, पायात चप्पल, हातात पाण्याची बाटली.

"चल मामा."

"कुठं?"

"सांगलीला. त्या सिस्टरला इच्यारायचं हाय. मम्मी न्हाई तर ती वस्तू कुनाला देत हुती? तुला का फसवलं तिनं?" आईसाठी ती माझ्यासमोर अजून रडली नव्हती. आता चिडून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, माझ्या वतीनं. "मोठ्या मानसाला आसं कुनी फसवतं व्हय?"

मी म्हटलं, "आगं, त्या सिस्टरची बदली झाली."

आतनं बायकोचा आवाज आला. "पुरं करा आता!"

मी पायात चप्पल घातली. खरंच घातली. डोक्यात असं आलं की स्टँडपर्यंत जाऊ, फलाटावरच्या बाकड्यावर बसू, तिथं सांगू. तिथं मला बसायची सवयही होती. भाची स्कूटरपाशी जाऊन उभी राहिली. म्हणाली, "किल्ली दे, बाटली डिकीत ठेवते." मी फलाटावरचं पहिलं वाक्य जुळवत होतो. पहिलं वाक्य काय, हात कुठं ठेवायचा. किल्ली मीच दिली.

तिनं रेनकोट उचलला. पिशवी काढली. आतनं एकेक वस्तू काढून सीटवर ठेवली: दौत, पंखा, चपटी झालेली होडी, दोन मोर. शेवटच्या मोराची मान दुमडली होती. ती तिनं बोटानं सरळ केली.

"सिस्टर न्हवतीच," ती म्हणाली.

"न्हवती."

"तुला म्हाईत हुतं."

"व्हय."

"कवापासनं?"

"पहिल्यापासनं. मी तिथंच होतो गं."

तिनं सगळ्या वस्तू परत पिशवीत भरल्या. माझ्याकडं न बघता म्हणाली, "मग मी उगंच लपवलं." आणि घरात गेली. चप्पल दारात काढली, नीट जोडीनं ठेवली. आत गेल्यावर तिचा आवाज फुटला. बायकोनं तिला पोटाशी धरलं असावं. मी बाहेर स्कूटरशी उभा होतो. डिकी उघडी होती आणि पाण्याची बाटली पायरीवर कलंडून पाणी गल्लीत वाहत चाललं होतं.

बहिणीनं एकच गोष्ट मागितली होती. पोरीला माझ्या तोंडून कळावं, दुसऱ्या कुठून नाही. तिला ते कार्डानं कळवलं, आणि उरलेलं डिकीनं.

महिनाभर ती माझ्याशी लागेल तेवढंच बोलली. "मामा, वर बरणी हाय, काडून दे." एवढंच. मग हळूहळू बोलायला लागली, हसायला लागली, मला चिडवायलाही लागली. दाजी परत ड्युटीवर गेले, आणि पोरगी आमच्याकडंच राहिली. आता अकरावीला आहे, कऱ्हाडला कॉलेजला जाते. आईची फुलं कानात असतात. ती बायकोनं घातली, मी नाही. त्या दिवसांतली पांढरी आमटी कशाची होती, तेही तिला बायकोनंच सांगितलं. डबीचं आणि पिशवीचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही. मे महिन्यात पोरं अजून येतात, कमी येतात, मोबाइल सोडून कोण येणार. गठ्ठा आला की मी चष्मा लावतो आणि आधी एकेक कार्ड दोन्ही बाजूंनी वाचून काढतो. पोरं म्हणतात, काका, परीक्षा हाय का तुमची?

माझ्यावर तिची माया आहे. मला ताप आला तर रात्रभर... नको, ते सांगत बसत नाही. माया आहे एवढं खरं. विश्वास मात्र नाही, आणि त्याबद्दल तिनं मला कधी एक शब्द ऐकवलेला नाही. परवा मी म्हटलं, "पप्पांचा फोन आला होता, बरे आहेत." तिनं पुस्तकातनं मान वर न करता नुसता हात पुढं केला. मी मोबाइल दिला. तिनं आलेला कॉल बघितला, वेळ बघितली, मोबाइल परत दिला. "बरं."

बायको बाहेरगावी गेली की स्वयंपाक मी करतो. मी ओरडतो, "चल, आमटी झालीया." ती येते, पातेल्याचं झाकण उचलते, पळी तळापर्यंत फिरवते, वर मोहरी तरंगलेली दिसली की मगच ताट घेते.